विश्लेषण : कॉफी प्यायल्याने शरीरातील मॅग्नेशियम खरोखरच कमी होते का?

डोळा लवला की पूर्वी शकुन-अपशकुन पाहिला जायचा. आता मोबाइलवर रील येते : ‘डोळा लवतोय? पोटऱ्यांत गोळे येतात? सतत थकवा आहे? कॉफी तुमचे मॅग्नेशियम शोषून घेतेय!’ आणि खाली गोळ्यांच्या डबीची लिंक असते. या दाव्यात थोडे तथ्य आहे. मात्र ते किती आहे, हे आकड्यांत पाहिले तर चित्र बरेच बदलते.

मॅग्नेशियमचे काम काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत आणि उरलेले बहुतांश स्नायू व इतर पेशींमध्ये असते. रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी असते. तीनशेहून अधिक विकरांना (एन्झाइम्स) त्याची गरज लागते. पेशींना ऊर्जा पुरवणारा ‘एटीपी’ हा रेणू मॅग्नेशियमच्या जोडीनेच काम करतो. स्नायू आखडणे-सैलावणे, मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके यांतही त्याचा वाटा आहे. अमेरिकेतील शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ४०० ते ४२० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ३१० ते ३२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळायला हवे.

कॉफीचा संबंध कुठे येतो?

संबंध मूत्रपिंडांशी आहे. दिवसभरात रक्तातले सुमारे २,४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून गाळले जाते. त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक पुन्हा शोषून रक्तात परत पाठवले जाते आणि साधारण १०० मिलिग्रॅम लघवीवाटे बाहेर पडते. कॅफीन अडिनोसिन या रसायनाचे काम रोखते. मेंदूत त्याचा परिणाम म्हणून तरतरी येते, तर मूत्रपिंडांत क्षार परत शोषण्याची प्रक्रिया काही तास थोडी मंदावते. त्यामुळे सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लघवीतून जरा जास्त जातात.

हा परिणाम प्रयोगांत मोजला गेला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा मॅसी आणि सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत याबाबत अनेक प्रयोग केले. कॅफीन घेतल्यानंतरच्या काही तासांत लघवीतील मॅग्नेशियम वाढल्याचे त्यांत दिसले. रीलमधील दाव्याचे मूळ अशा निष्कर्षांत आहे. फक्त ही वाढ काही मिलिग्रॅमच्या घरातली आहे, हे रीलमध्ये सांगितले जात नाही.

मग जमाखर्च कसा बसतो?

कॉफी मॅग्नेशियम बाहेर घालवते तसे थोडे आतही आणते. आपल्याकडे घरोघरी होणारी इन्स्टंट कॉफी घेऊ. दोन ग्रॅम पावडरमध्ये सहा-सात मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटर दुधात साधारण १० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. म्हणजे दुधाच्या एका कपातून सुमारे १६ आणि तीन कपांतून ५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. आतडे त्यातले साधारण ३० ते ४० टक्के शोषते, असे धरले तरी १५ ते २० मिलिग्रॅम शरीरात जाते. काळ्या गाळीव कॉफीच्या मोठ्या कपात (सुमारे २४० मिलिलिटर) मात्र सातच मिलिग्रॅम असते. तिथे जमा आणि खर्च बऱ्यापैकी जवळ येतात.

शिवाय मूत्रपिंडे स्वतःच जुळवून घेतात. आहारातून मॅग्नेशियम कमी मिळू लागले की ती जास्त अडवून ठेवतात आणि लघवीतून जाणारे प्रमाण बरेच खाली आणतात. त्यामुळे नीट जेवणाऱ्या निरोगी माणसाला दोन-तीन कप कॉफीने मॅग्नेशियमची कमतरता होण्याची शक्यता फारशी नाही.

डोळा का लवतो मग?

कॅफीन, अपुरी झोप आणि ताण ही तिन्ही पापणी फडफडण्याची नेहमीची कारणे आहेत. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही शरीरात असू शकते. झोप बिघडते, सकाळी थकवा येतो, तो घालवायला पुन्हा कॉफी. अशा वेळी गोळी सुरू केली आणि कॉफीही कमी केली, तर बरे वाटल्याचे श्रेय गोळीला जाते.

खरी कमतरता कोणाला होऊ शकते?

दीर्घकाळ जुलाब होणारे, अनियंत्रित मधुमेह असलेले, अति मद्यपान करणारे आणि लघवीचे प्रमाण वाढवणारी काही औषधे घेणारे या गटात येतात. आणखी एक कारण आपल्या घराघरांत आहे. ते म्हणजे ॲसिडिटीच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या. या गोळ्या दीर्घकाळ, बहुतेकदा वर्षाहून अधिक, घेतल्यास मॅग्नेशियम घसरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. रिकाम्या पोटी कॉफी, मग जळजळ आणि मग डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे रोजची गोळी, असा क्रम असेल तर चिंता गोळीची अधिक करायला हवी.

रक्ततपासणीलाही मर्यादा आहे. बहुतांश साठा हाडांत आणि पेशींत असल्याने रक्तातील आकडा ‘नॉर्मल’ असूनही साठा कमी असू शकतो. म्हणून अहवालासोबत लक्षणे, आहार आणि चालू औषधे पाहूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

थकव्यामागे लोह तर नाही?

हा प्रश्न महाराष्ट्रात अधिक महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के, तर राज्यात सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. कॉफी-चहातील पॉलिफेनॉल्स अन्नातील लोहाला बांधून ठेवतात आणि हा परिणाम मॅग्नेशियमवरील परिणामापेक्षा कितीतरी मोठा आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जेवणासोबतच्या एक कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी घटले. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही तेवढीच घट झाली. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा मात्र परिणाम दिसला नाही.

म्हणजे सतत थकवा असलेल्या बाईने मॅग्नेशियमची डबी मागवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे अधिक शहाणपणाचे. नाहीतर खरा आजार तसाच राहतो आणि महिनोन्महिने चुकीच्या गोळ्यांवर पैसे जातात.

किती कॉफी चालते?

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले जाते. गर्भवतींसाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. दोन ग्रॅम इन्स्टंट पावडरच्या कपात साधारण ६०, तर गाळीव कॉफीच्या मोठ्या कपात ९५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असते. चहा, कोला आणि एनर्जी ड्रिंकमधले कॅफीनही याच हिशेबात धरायचे.

काय करावे?

- ताटाकडे पाहा : ज्वारी, बाजरी, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक मॅग्नेशियम असते, पांढऱ्या तांदळात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. एक भाकरी (सुमारे ५० ग्रॅम पीठ) आणि मूठभर शेंगदाणे यांतून १०० मिलिग्रॅमहून अधिक मिळते. तीळ, बदाम, डाळी, पालक हेही चांगले स्रोत आहेत. कडधान्यांना मोड आणल्याने क्षार अधिक चांगले शोषले जातात.
- वेळ बदला : जेवणाला लागून कॉफी-चहा टाळा. सायंकाळनंतरचा कप कमी करा.
- गोळ्या विचारून घ्या : जास्त मात्रेने जुलाब होतात. मूत्रपिंडांचा आजार असल्यास मॅग्नेशियम शरीरात साठून धोका होऊ शकतो. थायरॉइडची औषधे आणि काही प्रतिजैविके यांच्यासोबत मॅग्नेशियमची गोळी घेऊ नये. दोन्हींत किती अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारा.
- ही लक्षणे टाळू नका : वारंवार पेटके, हातापायांना मुंग्या, हृदयाचे ठोके अनियमित वाटणे, झटके येणे असे काही असल्यास कॉफीचा हिशेब बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.