ऑनलाइन अभ्यासक्रमाचे मुखपृष्ठ व अनुक्रम : संहितांच्या रचनेतून काही दिशा

वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी संगणकाद्वारे अथवा भ्रमणध्वनीवरून शिकविले जाणारे अभ्यासक्रम आता नवीन राहिलेले नाहीत. भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम आरंभिला. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. वैद्यांच्या संघटना व औषधनिर्माते यांनाही आपापले लहान अभ्यासक्रम काढण्याची इच्छा होते. त्यासाठी पाठ लिहिणारे विद्वान मिळतात, चित्रफिती तयार होतात. परंतु विद्यार्थ्याला प्रथम जे दिसते, ते मुखपृष्ठ आणि त्यावरील अनुक्रम, म्हणजे ज्यास ‘मेनू’ म्हणतात तो, बहुधा शेवटच्या दिवशी घाईने उरकला जातो. उत्तम पाठ केवळ सापडत नाही म्हणून वाया जातो. ही रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुखपृष्ठ : अनुबंधचतुष्टय

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगे ग्रंथारंभी स्पष्ट व्हावीत, असा आपल्या शास्त्रपरंपरेचा दंडक आहे. मुखपृष्ठाने करावयाचे काम नेमके हेच होय. उदाहरणादाखल, एखाद्या संघटनेने ‘कच्च्या औषधी द्रव्यांची परीक्षा’ हा अभ्यासक्रम काढला असे समजू. विषय : बाजारात येणाऱ्या निवडक द्रव्यांची ओळख व भेसळ. प्रयोजन : अभ्यासाअंती औषधालयचालकास खरेदीच्या वेळी द्रव्य पारखता यावे. संबंध : कोणत्या पाठाने हे साध्य होते, पाठ किती, वेळ किती. अधिकारी : अभ्यासक्रम कोणासाठी, पूर्वज्ञान कोणते हवे, शुल्क किती.

ही चार उत्तरे पहिल्याच पडद्यावर, बोट न सरकविता दिसावीत. अध्यक्षांचे मनोगत, उद्घाटनाची छायाचित्रे, सरकती सूचनापट्टी यांना त्यानंतर जागा द्यावी. प्रमाणपत्राविषयीही येथेच स्वच्छ लिहावे. अशा अल्पकालीन अभ्यासक्रमाने व्यवसायाची नोंदणी अथवा अधिकार प्राप्त होत नाही, हे वाक्य तळाशी बारीक अक्षरांत दडविणे योग्य नव्हे; शुल्क भरण्यापूर्वीच ते वाचले गेले पाहिजे.

अनुक्रम : अध्यायसंग्रह

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ३० अध्याय आहेत. ३० नावांची सलग यादी समोर ठेवली तर नवशिका गोंधळेल. संहितेने त्यांतील २८ अध्याय चारचारांच्या सात गटांत बसविले : भेषज, स्वस्थ, निर्देश, कल्पना, रोग, योजना आणि अन्नपान ही ती सात चतुष्के. उरलेले दोन संग्रहाध्याय होत. ज्याला आहाराविषयी पाहावयाचे आहे, तो सरळ अन्नपान चतुष्काकडे वळतो. सुश्रुतसंहितेत अध्यायांची गणना तिसऱ्याच अध्यायात येते, तर वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या पहिल्या अध्यायातच सहा स्थाने व १२० अध्याय यांचा संग्रह दिला आहे. विस्तारापूर्वी उद्देश आणि नंतर निर्देश हा तंत्रयुक्तीचा क्रम येथे दिसतो. अनुक्रमातील शब्द हा उद्देश. तो दाबल्यावर उघडणारे पान हा निर्देश. उद्देशात जे वचन दिले, तेच निर्देशात मिळाले पाहिजे.

अनुक्रमात सातच शब्द असावेत, असा एक नियम सांगितला जातो व त्यास जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ मधील निबंधाचा आधार दिला जातो. तो निबंध माणूस एका वेळी किती गोष्टी ध्यानात ठेवू शकतो याविषयी होता. अनुक्रम मात्र डोळ्यांसमोर असतो, पाठ करावयाचा नसतो. म्हणून संख्येपेक्षा गट स्वाभाविक आहेत काय, आणि प्रत्येक नाव दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येते काय, हे पाहावे.

वरील अभ्यासक्रमास पाच नावे पुरतील : ‘प्रारंभ’, ‘पाठ’, ‘द्रव्यसूची’, ‘परीक्षा व प्रमाणपत्र’ आणि ‘मदत’. ‘ज्ञानकोश’, ‘संसाधने’, ‘ज्ञानगंगा’ अशी तीन भारदस्त नावे शेजारी ठेवली, तर अशोकाची माहिती यांपैकी कोठे असेल हे कोणासही सांगता येणार नाही. ‘इतर’ हे नाव तर टाळावेच. त्यात ठेवलेली वस्तू हरवली असे समजावे. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर अनुक्रम तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपविण्याचा प्रघात आहे. त्या रेघांचा अर्थ प्रत्येकास ठाऊक असतोच असे नाही. शेजारी ‘अनुक्रम’ हा शब्द लिहावा.

पाठ आणि सूची यांतील भेद

अभ्यासक्रमाकडे मनुष्य दोन प्रकारे येतो. एकदा क्रमाने शिकण्यासाठी, आणि पुढे अनेकदा एखादीच गोष्ट चटकन पाहण्यासाठी. औषधालयाच्या दारात अशोकाच्या सालीचे पोते उतरले आहे. ती साल खऱ्या अशोकाची, की त्याऐवजी खपविल्या जाणाऱ्या आसुपालवाची, हे पैसे चुकते करण्यापूर्वी ठरवावयाचे आहे. अशा वेळी ‘पाठ ६, भाग ३’ शोधत बसण्यास सवड नसते. पारख चुकली तर ती साल अशोकारिष्टात जाते आणि परिणाम रुग्णेला भोगावा लागतो. यासाठी द्रव्यसूची अकारविल्हे व स्वतंत्र असावी आणि तीत संस्कृत, मराठी व व्यापारी अशी सर्व नावे असावीत. ‘हरीतकी’ शोधणारा व ‘हिरडा’ शोधणारा दोघेही एकाच पानावर पोहोचले पाहिजेत.

शोध चालण्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असणे अनिवार्य आहे. जुन्या मराठी टंकांत तयार केलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो, आणि चित्ररूपाने चिकटविलेल्या मजकुरात शब्दाचा शोध लागत नाही. अक्षर व पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार (२००८) सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरे शोभिवंत दिसतात, परंतु चाळिशी लागलेल्या वैद्यास ती वाचवत नाहीत.

कुडपणची कसोटी

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत कुडपण हे गाव आहे. अभ्यासक्रम पुण्या-मुंबईच्या कार्यालयातील वेगवान जोडणीवर तपासला जातो; तो कुडपणसारख्या डोंगरी गावात उघडेल काय, ही खरी कसोटी होय. या भागातील पावसाळा किती कठोर असू शकतो, हे जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे कोसळलेल्या दरडींनी दाखविले आहे. रस्ता बंद असताना शिकण्याचे व विचारण्याचे साधन हातातील भ्रमणध्वनीच असते, आणि नेमका तेव्हाच संपर्क क्षीण असतो.

गणित सोपे आहे. जोडणीचा वेग सेकंदाला १०० किलोबिट असेल, तर मुखपृष्ठावरील २ मेगाबाइटचे छायाचित्र उतरण्यास सुमारे १६० सेकंद लागतात; तेच आटोपशीर करून १०० किलोबाइटवर आणले तर ८ सेकंद पुरतात. म्हणून मजकूर व अनुक्रम प्रथम उमटावा, चित्रे मागून यावीत, चित्रफीत आपोआप सुरू होऊ नये. प्रत्येक चित्रफितीसोबत तिचा लिखित पाठ द्यावा व तो उतरवून ठेवण्याची सोय असावी. सोडलेल्या पाठापासून पुढे जाण्याचा दुवा मुखपृष्ठावरच असावा.

प्रसिद्धीपूर्वी परीक्षण

रचना पूर्ण झाल्यावर पाच व्यक्तींना बसवावे. थोड्या व्यक्तींच्या चाचणीतही बहुतांश दोष उघड होतात, हे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले होते. या पाचांत एक वयोवृद्ध वैद्य, एक नवपदवीधर, एक औषधालयाचा मालक, एक विक्री सांभाळणारा साहाय्यक आणि एक ग्रामीण भागातील वैद्य असावा. त्यांस कामे द्यावीत : ‘शुल्क किती ते सांगा’, ‘गुळवेलीचे पान काढा’, ‘परीक्षेची तारीख शोधा’. आपण शेजारी बसावे, परंतु सुचवू नये. बोट प्रथम कोठे गेले, तेवढे टिपावे. तिघांचे बोट चुकीच्या नावावर गेले, तर विद्यार्थ्यांना सूचनापत्रक देण्यापेक्षा ते नाव बदलावे.

दोष दुरुस्त करून पुन्हा वेगळ्या पाच जणांकडून हेच करून घ्यावे. याला खर्च जवळजवळ नाही. दोन दुपारी पुरतात. अभ्यासक्रमाची घोषणा त्यानंतरच करावी.