आकाशाचे दफ्तर

तारे अचल व अविकारी आहेत, ही जी समजूत आपल्यात रूढ आहे, तिला बाध आणणाऱ्या घटना गेल्या काही वर्षांत एकामागून एक घडल्या. मृगातील तांबूस काक्षी २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत, त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेल्या धुळीच्या आड, त्याचे तेज निम्म्याहूनही खाली उतरले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला गुरू व शनी एक-दशांश अंशाइतके निकट आले. ऑगस्ट २०२१ मध्ये भुजंगधारी समूहातील आर. एस. या आवर्ती नवताऱ्याचा पुन्हा स्फोट झाला; आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतू सायंकाळी पश्चिमेकडे दिसला. परंतु काल काय होते याची नोंद जर कोणी ठेवलीच नसेल, तर आज काय पालटले हे कोणत्या आधारावर सांगावे?

असे दफ्तर राखण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या काळी औरंगाबाद या नावाने निजामाच्या अमलाखालील सुभ्याचे ठाणे होते, त्या काळी, १९०१ मध्ये, नवाब जफर जंग या अमिराने विलायतेहून १५ इंची दुर्बीण आणवून हैदराबादेस वेधशाळा स्थापिली. आणि त्यांच्या पश्चात, १९०८ मध्ये, ती सरकारने ताब्यात घेऊन अर्थखात्याच्या अखत्यारीत ठेवली. समग्र आकाशाची छायाचित्रे घेण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात या वेधशाळेच्या वाट्यास दक्षिणेकडील एक पट्टा आला होता. काचेच्या छायापट्टिकेवर बारीक चौकटींची जाळी उमटवलेली असे; मोजणीदार सूक्ष्मदर्शकात पाहून एकेका ठिपक्याचे आडवे-उभे अंतर वाची आणि ठिपक्याच्या आकारमानावरून ताऱ्याची प्रत ठरवी. जमाबंदीच्या कागदांत शेताची हद्द उतरवावी, तशी लाखो ताऱ्यांची स्थाने अशा रीतीने बारा खंडांत बद्ध झाली. याच वेधशाळेतील एका सहायकाचे पुत्र वेणू बाप्पू यांनी तरुणपणीच रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले; पुढे १९४९ मध्ये, ते हार्वर्ड येथे शिकत असता, त्यांनी घेतलेल्या छायापट्टिकेवर एक नवा धूमकेतू आढळला आणि तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जाऊ लागला.

घाटाकडच्या मराठी मुलखातही हे काम थांबलेले नाही. हौशी वेधकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून कार्यरत आहे; आणि नारायणगावाजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने, जिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, उपर्युक्त आर. एस. ताऱ्याच्या २००६ मधील स्फोटानंतरचे रेडिओतरंग टिपले. आवर्ती नवतारा ही वस्तुतः दोन ताऱ्यांची जोडी असते; तीत एक श्वेतखुजा तारा तांबड्या राक्षसी सोबत्याकडून हायड्रोजन ओढून घेतो, तो पृष्ठभागावर साचत जातो, आणि दाब व तापमान सीमेपलीकडे जाताच त्या थराचा अणुगर्भीय स्फोट होतो. तारा मात्र शिल्लक राहतो, म्हणून हाच प्रकार काही वर्षांनी पुन्हा घडू शकतो.

या कार्यास मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. दिवाळीच्या सुमारास रात्री ईशान्येकडे ययातीतील अल्गॉल पाहावा: त्याचा अंधुक जोडीदार दर २ दिवस २१ तासांच्या सुमारास त्याच्या आड येतो, आणि २.१ प्रतीचा हा तारा काही तासांत ३.४ पर्यंत उतरतो. त्याहून तेजस्वी आणि त्याहून मंद असे, ज्यांची प्रत ठाऊक आहे, दोन शेजारी तारे निवडावे, त्यांच्या तेजातील अंतराचे मनाने दहा भाग करावे, आणि आपला तारा कितव्या भागावर बसतो ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. शहराच्या दिव्यांतूनही, गच्चीवरून, एवढे साधते.

बहुतेक रात्री काहीच विशेष घडत नाही, आणि तरीही त्या रात्रींच्या नोंदी निरर्थक नसतात. उत्तर मुकुटातील टी हा नवतारा १८६६ व १९४६ मध्ये पेटला होता. दुसऱ्या खेपेस, स्फोटापूर्वी सुमारे वर्षभर आधी, तो किंचित मंदावला होता, ही गोष्ट आपल्याला केवळ वेधकांनी चिकाटीने भरलेल्या वह्यांमुळे कळते. २०२३ मध्ये तशीच मंदता दिसताच जगभरच्या दुर्बिणी त्याकडे वळल्या, त्याचे श्रेय पाऊणशे वर्षांपूर्वी रोज आकाशाकडे पाहून निमूटपणे आकडे उतरवणाऱ्या त्या माणसांना द्यावयास हवे.