घर घेण्याआधी ओल बघा

आज जुनं घर विकत घेताना काय बघायचं, ते बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईने मे महिन्यात घर घेतलं. चिरेबंदी, कौलारू, आतून नवा कोरा रंग. त्यासाठी दागिने गहाण ठेवले, गटातून कर्ज काढलं. जुलैत माजघराच्या भिंतीवर काळे डाग उठले, गाद्यांना कुबट वास यायला लागला, धाकट्याचा खोकला थांबेना. बुरशी जुनीच होती, रंगाने झाकली होती.

आपला जांभा दगड सच्छिद्र, तो पाणी पितो. त्यात अंजनवेलला एकीकडे समुद्र, दुसरीकडे दाभोळची खाडी. जुन्या घरात थोडी ओल असायचीच. ती येते कुठून, हे ओळखायला शिका, कारण खर्च त्यावर ठरतो.

वरून येणारी ओल : छताजवळ भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतात. फुटकी कौलं बदलून भागतं. पण वाशात चाकूचं टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय, खर्च मोठा.

बाजूने येणारी : पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या भिंतीवर झड बसते. बाहेरून दरजा भरून, वळचण वाढवून ती आवरते.

खालून चढणारी : भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुलतो. ही सगळ्यात चिवट. वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. घराभोवती चर खणून पाणी लांब न्यावं, चुन्याचा गिलावा करावा. तरी ती पूर्ण जाईलच असं नाही.

हवेतली : कपाटामागे, न्हाणीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. खिडक्या उघड्या ठेवल्या, कपाट चार बोटं पुढे ओढलं की कमी होते.

भिंतीतली ओल की हवेतली, हे कळत नसेल तर मालकाला विचारून फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतून थेंब असतील तर ओल भिंतीतली, बाहेरून असतील तर हवेतली.

जमलं तर घर भर पावसात बघा. उन्हाळ्यातच बघावं लागलं तर बंद खोलीत आधी वास घ्या. कॅलेंडर उचला, कपाट सरकवा, भिंतीच्या पायथ्याला हात लावा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. यात लाजू नका, पैसे आपले आहेत.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, साध्या काळजीने खरेदीदाराला कळणार नाही असा मोठा दोष माहीत असेल तर विकणाऱ्याने तो सांगायलाच हवा. पण डोळ्यांना दिसणारा दोष बघणं आपलं काम. म्हणून विसार देण्याआधी गवंड्याला दाखवा, दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्या. तेवढी किंमत कमी करून मागा, नाहीतर दुरुस्ती करून देण्याची अट साठेखतात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

घर घेतलंच असेल तर आधी पाण्याची वाट बंद करा, मग बुरशी काढा. ती कोरडी खरवडू नका, तिची भुकटी श्वासात जाते. नाकातोंडाला फडकं बांधा, खिडक्या उघडा, साबणाच्या पाण्याने पुसा, मग भिंत नीट वाळू द्या. दम्याचं माणूस आणि मुलं तेवढा वेळ बाहेर असू देत. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर त्यात न्हाणीचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आमच्या गटात आता घरासाठी कर्ज मागितलं की दोघीतिघी जाऊन घर बघून येतात. तुमच्याही गटात हे सुरू करा. रंग उन्हाळ्यात सगळ्यांचाच छान दिसतो, बायांनो. भिंत काय म्हणते ते पावसात ऐका.