बांधावरची वाट आणि मंत्र्यांपुढची सुनावणी

भोर तालुक्यातलं शिवरे पुणे-सातारा महामार्गालगतचं. समजा, तिथे कुणी नांगरट करताना जुनी गाडीवाट मोडली आणि काटेरी कुंपण घातलं. पलीकडचा शेतकरी अर्ज घेऊन भोरच्या तहसील कचेरीत जातो. जागेचा पंचनामा होतो, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, अडथळा काढायचा आदेश निघतो. हा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा. नाव न्यायालयाचं, पण निवाडा करणारा सारा वसूल करणारा सरकारी अधिकारी.

नागरिकशास्त्रात आपण विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असे तीन रकाने पाठ केले. संसदीय पद्धतीत त्यातले पहिले दोन एकमेकांत गुंतलेलेच असतात. मंत्र्याला सभागृहाचं सदस्य असावं लागतं. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. अमेरिकेत उलट, मंत्री व्हायचं तर काँग्रेसचं सदस्यत्व सोडायचं. आपल्याकडे बहुमत ज्याचं, कायदाही त्याचा आणि अंमलही त्याचाच. म्हणून खरी भिंत एकच उरते, न्यायालयाची. जुलै 2021 मध्ये विधानसभेने 12 आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. अधिवेशन संपल्यावर असं निलंबन चालू ठेवता येत नाही, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ते रद्द केलं.

जमिनीच्या वादात मात्र ही भिंत फारच बुटकी आहे. न्यायदान कार्यकारी यंत्रणेपासून वेगळं करा, असं संविधानाचं कलम 50 सांगतं. फौजदारी खटल्यांत आपण ते बरंचसं केलं. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद मात्र मंडळ अधिकारी, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त अशा पायऱ्या चढत, 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 257 च्या आधारे मंत्रालयात मंत्र्यांपर्यंत पोचू शकतो.

तहसीलदारांचा अधिकार मला खटकत नाही. पेरणी तोंडावर आली की वाट आजच लागते, आणि त्यांच्या आदेशानंतरही दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. मंत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पक्ष आहे, मतदारसंघ आहे, कार्यकर्ते आहेत. महामार्गामुळे जिथे गुंठ्यागुंठ्याला भाव आला, तिथे समोरचा पक्षकार त्यांच्याच ओळखीचा निघाला, तर शिवऱ्याहून मुंबईला तारखांना जाणाऱ्या शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर उभं राहायचं? निकाल अगदी चोख लागला तरी त्याच्या मनातली शंका जात नाही, आणि ती गैर नाही. कुळकायद्याच्या वादांसाठी आपल्याकडे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण आहेच. फेरफाराचे वादही मंत्र्यांच्या दालनातून काढून तिथे सोपवावेत.