१२०० वॉटचा डबा आणि २० अँपिअरचा फ्यूज

धाराशिवहून तुळजापूरला जाणाऱ्या जीपमध्ये तुम्ही कधी ना कधी बसला असालच. नवरात्रात तर आत माणसांची दाटी आणि त्यात देवीची गाणी मोठ्याने लावलेली! अशाच एका जीपचालकाचा धाकटा भाऊ आमच्या महाविद्यालयात अकरावीला होता. एकदा तो विचारू लागला, "सर, दादाला गाडीत ॲम्प्लिफायर बसवायचा आहे. दुकानात १२०० वॉटचा डबा आहे, घ्यावा का?" मी म्हणालो, "वॉट राहू देत. त्याचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते पाहून ये."

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : २०.

आता तुम्हीच हिशेब करा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांमध्ये सुमारे १४ व्होल्ट विभवांतर असते. १४ गुणिले २० म्हणजे २८० वॉट. याहून बरीच जास्त शक्ती डब्याने सतत ओढली, तर फ्यूज वितळणारच. शिवाय आत गेलेली सगळी शक्ती काही स्पीकरला मिळत नाही. ए-बी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये जोराच्या आवाजालाही जवळजवळ निम्मी शक्ती उष्णतेत जाते. डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे हाती उरतात दीडशे, फार तर सव्वादोनशे वॉट. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जीपमध्येही लागू असतो, बरे का!

गाडीतल्या साध्या टेपवर किंवा रेडिओवर '५० वॉट' छापलेले असते, त्याची गंमत आणखी वेगळी. तिथे ॲम्प्लिफायरला १४ व्होल्टच मिळतात. स्पीकरची दोन्ही टोके आलटून पालटून ढकलली, तर लहरीचे शिखर १४ व्होल्टपर्यंत जाते. ज्या-लहरीसाठी परिणामी मूल्य १४ भागिले १.४१, म्हणजे सुमारे १०. चार ओहमच्या स्पीकरमध्ये शक्ती झाली १०० भागिले ४, म्हणजे २५ वॉट. मग ५० कोठून आले? लहरीचे माथे छाटून ती चौकोनी केली, की १४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ४९! पण त्या लहरीत गाणे उरत नाही, खरखर उरते. म्हणून डब्यावर सलग मिळणारी शक्ती, जिला आर.एम.एस. म्हणतात, तीच पाहावी. मोठ्या डब्यांत १४ व्होल्ट वाढवून घेणारे मंडल असते, त्यामुळे २५ ची मर्यादा ओलांडता येते. फ्यूजची मात्र नाही.

तारेकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. बॅटरीपासून मागच्या बाकापर्यंत पाच मीटर तांब्याची तार धरा. छेद अर्धा चौरस मिलिमीटर असेल, तर रोध ०.१७ ओहम. वीस अँपिअरला ३.४ व्होल्ट वाटेतच गेले आणि तारेत ६८ वॉट उष्णता झाली. सतरंजीखाली दबलेल्या तारेचे वेष्टन वितळायला एवढे पुरे! तार पाचपट जाड घेतली, तर हीच उष्णता १४ वॉटांखाली येते. फ्यूजही बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. त्याच्या अलीकडची तार कुठे घासून पत्र्याला टेकली, तर तिला कोण वाचवणार?

आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. वाढ होते अवघी ३ डेसिबेल. एका वॉटला ८७ ऐवजी ९० डेसिबेल देणारा स्पीकर घेतला, तरी तेवढेच साधते. प्रवासी तासाभरात उतरून जातो, चालक मात्र दिवसभर त्याच आवाजात. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेने ८५ डेसिबेलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी. १०० डेसिबेलला उरतात १५ मिनिटे.

दादाने शेवटी ५० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि चांगले स्पीकर घेतले. तार बसवून झाल्यावर पोरगा प्रयोगशाळेतला मल्टीमीटर मागायला आला. गाणे चालू असताना बॅटरीपाशी १४.१ व्होल्ट, डब्यापाशी १३.९. तारेतून किती अँपिअर जात होते, ते त्याने वहीत ओहमच्या नियमाने काढले होते.