तुमच्या सायकलीचा नंबर काय?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका बांधवाची सायकल चाळीच्या जिन्याखालून चोरीला गेली. हे गृहस्थ सहा किलोमीटरवरच्या एका सोसायटीत पहाटेच्या पाळीला वॉचमन आहेत. साडेचारला घर सोडावे लागते. त्या वेळी बस नाही, आणि रिक्षाला रोज पैसे घालायचे तर पगारातला मोठा तुकडा तिथेच गेला. ते साडेतीनला उठून पायी जाऊ लागले. दोनदा उशीर झाला आणि दोन्ही वेळा पगार कापला गेला. ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी असते त्यांना सायकल ही पोरांची चैन वाटते. आपल्या घरात ती कमावत्या माणसाचे पाय असते.

पुढे दीड महिन्याने पोलिसांनी एका टोळक्याकडून बऱ्याच सायकली जप्त केल्या. आम्ही त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. खरे सांगायचे तर भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. आवारात सायकली एकीवर एक रचलेल्या होत्या. आमच्या बांधवाने आपली सायकल लांबूनच ओळखली. मडगार्ड बदललेले, रंग नवा, पण कॅरियरला त्यांनी स्वतः मारलेली तारेची गाठ तशीच होती. हवालदारांनी विचारले, "फ्रेमचा नंबर काय? पावती आहे?" दोन्ही नव्हते. त्याच सायकलीवर आणखी एक माणूस हक्क सांगत उभा होता, आणि त्याच्याकडेही पावती नव्हती. मग हवालदारांचे काय चुकले? आम्ही न भांडता परतलो. अशा जप्त मालाचा मालक ठरत नसेल तर न्यायालय जाहीर सूचना काढते, आणि सहा महिन्यांत कोणी पुराव्यासह आले नाही तर मालाची पुढे विल्हेवाट लागते. तारेची गाठ हा काही पुरावा नव्हे.

आमच्या वडिलांच्या काळी नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि पत्र्याचा बिल्ला देई. कराचा राग येई, पण कुठल्यातरी वहीत सायकलीची नोंद असे. आज मोटारसायकलीची नोंद आरटीओत असते, सायकलीची कोठेच नसते. ती वही आपणच घालायची आहे.

कंपनीची सायकल असेल तर तिच्या फ्रेमवर बहुधा नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करा. पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यातून जातो त्याच्या खालच्या अंगाला बहुतेक वेळा तो सापडतो. काही सायकलींना सीटखालच्या नळीवर असतो. वर्षानुवर्षांचे वंगण आणि चिखल साचलेला असतो, म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या. वाचता येत नसेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, अंक उमटतात. तो कागद, दुकानाची पावती आणि सायकलीसोबत उभे राहून काढलेला एक फोटो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. मोबाइलमध्ये फोटो असला तरी कागद हवाच, मोबाइलही चोरीला जातो. शिवाय सीट काढून आतल्या नळीत आपले नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातली, तर रंग बदलणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही.

आता कुलपाविषयी. मागच्या चाकाचे ते गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही, सायकल उचलू देत नाही असे नव्हे. आम्ही बी. कॉम.ला असताना आमची सायकल वाचनालयाबाहेरून अशीच गेली. किल्ली आमच्या खिशात आणि सायकल टेम्पोत! तेव्हा जाड साखळी घ्या. ती मागचे चाक आणि फ्रेम या दोहोंतून काढून जमिनीत पक्क्या असलेल्या खांबाला किंवा ग्रीलला बांधा. खांब बुटका असेल तर सायकल वरून काढून नेता येते, हेही पाहा. आकड्यांची बारीक वायरची कुलपे पकडीने तुटतात, ती फार तर सीट बांधायला ठीक. कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नका. फरशीवर टेकलेल्या कुलपावर हातोडी नीट बसते, अधांतरी लोंबणाऱ्या कुलपावर बसत नाही. खांब नसेल तर शेजाऱ्याची आणि आपली सायकल एकमेकींना बांधावी. आणि जिन्याखाली ठेवली म्हणजे घरातच आहे, असे समजून मोकळी सोडू नये. वर सांगितलेली चोरी घरातूनच झाली.

तरीही गेलीच, तर त्याच दिवशी तक्रार द्या. येथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे जुने कलम ३७९ आता ३०३(२) झाले. शिक्षा पूर्वीसारखीच, तीन वर्षांपर्यंत. परंतु मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, चोराचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा पैसे परत केले, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. पाच हजारांच्या आतील अशी चोरी नव्या कायद्याने अदखलपात्रांत घातली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. गरिबाच्या बहुतेक सायकली याच किमतीच्या असतात! ज्याचे जास्त जाते त्याचा तपास लगेच, ज्याचे सर्वस्व जाते त्याने आदेशाची वाट पाहावी, हा हिशेब आमच्यासारख्या कारकुनालाही जुळवता येत नाही. म्हणून अंदाजाने "असेल दोन-तीन हजारांची" असे सांगू नका. पावती दाखवा आणि खरी किंमत लिहून घ्या. गुन्हा नोंदला तर एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज पाठवता येतो.

स्वस्तात मिळाली म्हणून बिनपावतीची सायकल घेणाऱ्यांनाही सांगणे आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून घेणे हा कलम ३१७ खालचा वेगळा गुन्हा आहे. एरवीही कोठे चोरी झाली की पहिली नजर आपल्याच वस्तीतील पोरांवर जाते. जुनी सायकल घ्या, जरूर घ्या, पण विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, नंबर आणि सही असलेली चिठ्ठी घ्या.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. अशी सायकल गेली की दुसरी कोण देणार? आणि मुलीला पायी पाठवायचे नाही, म्हणून शाळाच सुटते. त्या सायकलीचा नंबर घरातील थोरांनी आधी लिहावा.

गेल्या महिन्यात रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या अंगणात हेच काम केले. मुलांनी सत्तावीस सायकली उलट्या केल्या, कागद-पेन्सिलीने नंबर उतरवले आणि एका शंभरपानी वहीत मालकाच्या सहीने नोंदवले. वॉचमन बांधव आपली नवी, म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेली सायकल घेऊन आले होते. तिच्यावर तीन थर रंग होता. खरवडून पाहिले तर शेवटचे दोन अंक कोणीतरी कानशीने घासलेले! ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर विकणाऱ्याला शोधायला गेले. वहीत त्यांच्या नावापुढची ओळ अजून कोरी आहे.