जुना संगणक आणि लोकांची अमानत

दहिसर पूर्वेला आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक संगणक आहे. २०१६ मध्ये थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी घेतला. मुलगा नोकरीला लागला आणि संगणक साऱ्या इमारतीचा झाला. कुणाचा पासपोर्टचा अर्ज, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती. हजचे अर्ज निघाले की शेजारच्या खाला कागदांची पिशवी घेऊन दारात उभ्या. आधार, पॅन, पासबुक, सगळ्यांच्या प्रती त्यात साठत गेल्या.

मग पडद्यावर सूचना येऊ लागली की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार. आम्ही ती रोज बंद करत राहिलो. तारीख उलटली, दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीसारखा सुरू झाला. "पाहा, काही झालं का?" असे आम्हीच एकमेकांना म्हणालो.

चूक इथेच होती. सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. त्याची डागडुजी बंद होते. एवढ्या मोठ्या प्रणालीत फटी सापडतच राहतात आणि कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या बुजवते. आता विंडोज ११ मधली फट बुजवली की हल्लेखोर तो दुरुस्तीचा तुकडाच उलगडून पाहतात. तीच फट विंडोज १० मध्ये असेल, तर ती कुठे आहे हे त्यांना आयतेच कळते.

हे दूरचे वाटत असेल तर समोरच्या न्हावा शेवाकडे पाहा. जून २०१७ च्या अखेरीस 'नॉटपेट्या' या हल्ल्यात जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलची यंत्रणा कोलमडली आणि माल अडकून पडला. हा विषाणू ज्या फटींतून पसरला, त्यातल्या एकीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने त्याच फटीतून शिरून ब्रिटनची सरकारी रुग्णालये ठप्प केली होती. इतका गाजावाजा होऊनही अनेक ठिकाणी दुरुस्ती बसवलेली नव्हती. खरे सांगायचे तर अपडेट म्हणजे सर्व रोगांवरचे औषधही नव्हे: नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. तरी दार उघडे टाकून झोपायला हे कारण पुरत नाही.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाईजान, हा भंगारात टाका, नवीन घ्या." त्याचे अगदीच खोटे नव्हते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीतला. पण नव्याचे पैसे घरात नव्हते. दुसऱ्या एकाने 'क्रॅक' टाकून देतो म्हटले. त्याला हात जोडले. चोराकडून कुलूप कोण घेतो?

सुटीला आलेल्या मुलाने मार्ग काढला. "अब्बा, एक वर्ष मिळतंय, तेवढं तर घ्या." सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. आम्ही लगेच नोंदणी केली.

त्याने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटही चालवून दाखवले. हे मोफत असते आणि काहीही न बसवता आधी पारखता येते. प्रिंटर चालला, युनिकोड मराठीही उमटली. आमचे जुन्या फॉन्टचे मराठी सॉफ्टवेअर मात्र त्यावर चालेना, म्हणून ते काम अजून विंडोजवरच आहे. वर्ष संपले की लिनक्सच बसवायचे ठरले आहे.

मोठे काम मात्र पुढेच होते. एका रविवारी बसून आम्ही नऊ वर्षांच्या लोकांच्या प्रती पुसल्या. ज्याचे कागद त्याला विचारले, हवे त्याला पेनड्राइव्हवर दिले. खाला थोड्या रुसल्या. "पुढच्या वेळी परत सगळं आणायचं का?" म्हणाल्या. आम्ही म्हटले, "हो खाला, पिशवी तेवढी सांभाळून ठेवा."